अर्धा गुन्हा कबूल

चलनाचा मेसेज आला की सामान्य माणूस आधी घरात ओरडतो, "त्या दिवशी गाडी कोणाकडे होती?" आणि उत्तर यायच्या आत एकतर पैसे भरून टाकतो, नाहीतर 'बघू नंतर' म्हणून मेसेज खाली खाली जाऊ देतो. आमच्या सोसायटीतल्या बापूंना असा मेसेज आला की ते चष्मा पुसतात. काकूंना फाइल आणायला सांगतात. खुर्ची ओढून उजेडाकडे तोंड करून बसतात आणि खणखणीत आवाजात विचारतात, "कलम काय लावलंय?" हा प्रश्न ते कोणाला विचारतात हे अजून कळलेलं नाही, कारण काकू तोवर स्वयंपाकघरात परत गेलेल्या असतात.

बापू एका बँकेतून निवृत्त झाले. सहीतला एक काना नमुन्याशी जुळत नाही म्हणून त्यांनी स्वतःच्या साडूचा चेक परत पाठवला होता, अशी एक कथा आहे. साडू ती अजून लग्नकार्यात सांगतात, बापूही सांगतात. फक्त दोघांचे हसण्याचे मुक्काम वेगळे आहेत. निवृत्तीनंतर कोणी अध्यात्माला लागतं, कोणी शेअर बाजाराला. बापू मोटार वाहन कायद्याला लागले. १९८८ चा मूळ कायदा त्यांच्याकडे आहे, २०१९ ची दुरुस्ती आहे, आणि आपल्या राज्यात वाढीव दंड लगेच लागू झाले नव्हते, ते २०२१ च्या डिसेंबरात झाले, याची अधिसूचनाही आहे. पूर्वी किरकोळ गुन्ह्याला कायद्यात शंभर रुपये दंड होता. "शंभर रुपयांसाठी कोण भांडणार?" असं ते म्हणतात. "पाचशे केले हे बरं झालं. आता लढायला जरा अंगात येतं."

त्यांची फाइल निळी, बटणाची. आरसी, विमा, पीयूसी यांच्या तीन-तीन झेरॉक्स. डिजिलॉकर चालतं की हो, असं कोणी म्हटलं तर, "चालतं. नियम १३९. पण माझा मोबाइलच चालला नाही तर?" त्यानंतर नियम १६७-अ. कॅमेऱ्यानं पकडलेल्या गुन्ह्याची नोटीस पंधरा दिवसांत आली पाहिजे, कॅमेऱ्याच्या आधी तसा फलक पाहिजे, यंत्राला मंजुरीचा दाखला पाहिजे, हे सगळं त्यात आहे आणि 'पंधरा दिवस' या शब्दांखाली लाल रेघ आहे. रेघ पट्टीनं मारलेली. मध्यंतरी पोलिसांनी खासगी मोबाइलवर गाड्यांचे फोटो काढू नयेत असं परिपत्रक वरून निघालं, ते बापूंनी लॅमिनेट करून घेतलं. नातवाचं पहिलीचं प्रगतिपुस्तक साधंच ठेवलंय.

त्यांची दोन वाक्यं सोसायटीत लहान मुलांनाही पाठ आहेत. पहिलं, "फोटोत गाडी दिसते. गुन्हा कुठे दिसतो?" दुसरं, "रेकॉर्डवर येऊ द्या." दुसरं वाक्य घरातही वापरलं जातं. आमटीत मीठ कमी आहे, हे रेकॉर्डवर येऊ द्या. मी नको म्हणत होतो आणि तरी आपण त्या लग्नाला गेलो, हे रेकॉर्डवर येऊ द्या. काकूंनी एकदा शांतपणे विचारलं, "हे तुमचं रेकॉर्ड ठेवतं कोण?" बापू म्हणाले, तत्त्वाचा प्रश्न आहे.

सकाळच्या फेरीनंतर बापू गेटजवळच्या बाकावर बसतात. ही त्यांची ओपीडी. ए विंगपासून ई विंगपर्यंतचे चलनग्रस्त मोबाइल हातात घेऊन येतात. बापू चलनातला फोटो पाहतात तो मुलीसाठी आलेल्या स्थळाच्या फोटोसारखा: आधी चेहरा, मग मागची भिंत, मग शेजारी उभं कोण आहे, आणि हे सगळं बघून झाल्यावर "मूळ प्रत आहे का?" मग रोगनिदान. "लढायचंय की कबूल करायचंय?"

इथं बापूंबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. ते दंड बुडवणाऱ्यांच्या बाजूचे नाहीत. आयटीतला एक मुलगा आला, स्कूटरवर तिघे, फोटोत तिघांचेही दात दिसतायत. त्याला वाटलं, बापू काहीतरी पळवाट काढतील. बापूंनी फोटो मोठा केला, परत लहान केला आणि म्हणाले, "१९४-क. हजार रुपये आणि वर लायसन तीन महिने निलंबित होऊ शकतं. यात पोलिसाचं काय चुकलं? भर. आणि पुढच्या वेळी रिक्षा करा, तिघांत परवडते." मुलगा गेल्यावर ते मला म्हणाले, "चूक असेल तर ताठ मानेनं भरावी. पण ती चूक आहे हे आधी कोणीतरी मला पटवून द्यायला पाहिजे." त्यांच्या सगळ्या उद्योगाचं मूळ मला त्या दिवशी समजलं. पूर्वी चौकात ट्रॅफिकचा मामा समोर असायचा. शिट्टी वाजायची, गाडी कडेला घ्यायची, लायसन दाखवायचं, थोडं भांडण, थोडी अजिजी, मग पावती फाडली जायची किंवा 'जा, पुन्हा दिसू नका' असं म्हणून सोडलं जायचं. त्या भांडणात गैरप्रकार होते, चिरीमिरी होती, हे खरंच. पण समोर माणूस होता. आता कॅमेरा खांबावर आणि निकाल खिशात. बापूंना पाचशे रुपयांचं काही नाही. त्यांना तोंडावर 'तुम्ही चुकलात' असं म्हणणारा कोणीतरी हवा असतो.

डी विंगमधल्या एका बाईंना थांबरेषा ओलांडल्याचं चलन आलं. बाईंचं म्हणणं, तिथं रेषाच नाही. झालं. दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला बापू टेप घेऊन चौकात. टेपचं दुसरं टोक एका दूधवाल्याला धरायला लावलं. रेषा होती, पण एवढी पुसट की ती बघायला गुडघ्यावर बसावं लागत होतं, आणि बापू बसले. मोजमापं, चार दिशांचे फोटो, आराखडा, सोबत दोन पानी पत्र. यथावकाश त्या चौकात झकास पांढरा पट्टा मारला गेला. चलन मात्र जिथल्या तिथं राहिलं. बापूंनी हा विजय धरला. बाईंनी पैसे भरले.

त्यांच्या स्वतःच्या गाडी चालवण्याबद्दल मी कमी बोललेलं बरं. कायद्यानं बघितलं तर त्यात दोष नाही. तासाला पंचवीस किलोमीटर, रस्त्याच्या मधोमध नाही पण कडेलाही नाही. वळायच्या आधी इंडिकेटर, आणि इंडिकेटरवर विश्वास नाही म्हणून हात, आणि हातावर विश्वास नाही म्हणून हॉर्न. पिवळा दिवा लागायच्या आधीच त्यांना तो लागणार असं वाटतं, म्हणून ते हिरव्यालाच ब्रेक मारतात. त्यांच्या मागून पुण्यातल्या टिळक रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला मोटार वाहन कायद्यातलं कुठलंही कलम मोडायची इच्छा होते. मी एकदा त्यांच्या मागे बसलो आहे. बसण्याआधी मला हेल्मेट दिलं गेलं, पट्टा लावल्याचा 'टक्' आवाज येईपर्यंत स्कूटर सुरू झाली नाही.

आणि हेच बापू २०१९ च्या जानेवारीत पुण्यात हेल्मेटसक्ती सुरू झाली तेव्हा तिच्या विरोधात रस्त्यावर उतरले होते. हेल्मेट घालून. आजूबाजूचे लोक पुणेरी पगडी घालून आलेले, आणि बापू त्यांच्यात काचेसकट हेल्मेट घालून घोषणा देतायत. कोणीतरी विचारलं, काका, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूचे? काच वर करून बापू म्हणाले, "माझा हेल्मेटला विरोध नाही, सक्तीला आहे. मी हे स्वेच्छेनं घातलंय." आणि काच खाली केली.

पुण्याच्या जुन्या भागातलं पी-१, पी-२ पार्किंग ज्यांनी अनुभवलं आहे त्यांना पुढची गोष्ट सांगायला नको. विषम तारखेला एका बाजूला गाड्या लावायच्या, सम तारखेला समोरच्या. साधा हिशोब. एक दिवस इकडे, एक दिवस तिकडे, असं म्हणून पुणेकर तारीख न बघता अंगवळणी चालतो. पण एकतीस तारीख विषम आणि तिच्या मागून येणारी एक तारीखही विषमच. म्हणजे सलग दोन दिवस गाडी त्याच बाजूला. वर्षातून सात वेळा एकतीस तारखेमुळे हा पेच पडतो, आणि फेब्रुवारी एकोणतीसचा असेल तर आठव्यांदा. हे गणित बापूंनी केलेलं आहे आणि ते त्यांनी मला जिन्यात थांबवून समजावलं आहे.

तर अशा एका एक तारखेला बापू औषधं आणायला गेले. अख्खा रस्ता सवयीनं चुकीच्या बाजूला गाड्या लावून मोकळा झालेला. बरोबर बाजूला एकटी बापूंची स्कूटर. तेवढ्यात टोइंगचा ट्रक आला, भोंग्यावरून गाड्यांचे नंबर पुकारायला लागला. दुकानांतून लोक धावत सुटले. एक गृहस्थ अर्धी दाढी झालेली, फेस तसाच, सलूनमधून धावले. बापूंना या क्षणी काय करावंसं वाटावं? ते रस्त्याच्या मध्ये उभे राहून सगळ्यांना एकतीस आणि एकचा हिशोब सांगू लागले. लोक ट्रकमागे धावतायत आणि बापू म्हणतायत, "विषम अधिक एक म्हणजे सम, पण इथं महिना बदलला ना!" ट्रकवरच्या पोरांनी बापूंच्या स्कूटरकडे बोट दाखवून साहेबांना विचारलं, ही एकटीच पलीकडे आहे, उचलू? साहेबांनी फलक बघितला, घड्याळातली तारीख बघितली आणि नको म्हणाले. "त्या माणसाला तारीख बघावी लागली," बापू सांगतात. "अधिकाऱ्यानं माझ्यामुळे तारीख बघितली." त्या दिवशी औषधं आणायची राहिली.

बापूंच्या आयुष्यातलं सगळ्यात लाडकं चलन मात्र त्यांचं नाहीच. लांबच्या एका जिल्ह्यातून ते आलं. नंबर बापूंचा, फोटोत मोटारसायकल. चालवणारा फेटेवाला, मागे एक पोरगा, आणि दोघांच्या मध्ये एक शेळी. हेल्मेट तिघांनाही नाही. नंबर वाचताना एका आकड्याची गफलत झाली होती हे उघड होतं. दुसरा कोणी वैतागला असता. बापू हरखले. त्यांनी महाट्रॅफिक अ‍ॅपवर तक्रार टाकली, आरसी जोडली, स्कूटरचे चारी बाजूंनी फोटो जोडले आणि मजकुरात लिहिलं, 'मी निवृत्त बँक कर्मचारी असून माझ्याकडे शेळी नाही.' हे वाक्य खोडा म्हणून काकूंनी सांगून पाहिलं. तक्रार बरेच दिवस लोंबकळली, मग एक दिवस चलन गायब झालं. बापू जरा उदासच झाले. "त्या फेटेवाल्याला पत्ताही नसेल," ते म्हणाले, "की त्याच्यासाठी मी एवढा भांडलो." तो फोटो त्यांनी जपून ठेवला आहे. शेळी कॅमेऱ्याकडे बघते आहे.

आता कोर्ट. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये ही म्हण बापूंसमोर कोणी काढत नाही. शिवाजीनगरच्या कोर्टात जायचं असलं की आदल्या रात्री शर्टाला इस्त्री होते. सकाळी पोळीभाजीचा डबा. गेटवरच्या टायपिस्टांशी, झेरॉक्सवाल्याशी त्यांची ओळख आहे. किरकोळ वाहतूक गुन्ह्यांचं काम तिथं कसं चालतं हे ज्यांनी पाहिलंय त्यांना ठाऊक आहे: शिपाई नाव पुकारतो, माणूस पुढे होतो, "गुन्हा कबूल आहे का?" हा प्रश्न संपायच्या आत "हो साहेब" येतं, दंडाचा आकडा सांगितला जातो, पुढचं नाव. माणसं एवढ्या घाईनं कबूल करतात की काहींना कशाचा गुन्हा कबूल केला हे बाहेर आल्यावर पावती वाचून कळतं.

बापूंचा झेब्रा क्रॉसिंगचा खटला होता. सिग्नलला थांबताना त्यांची स्कूटर पट्ट्यावर गेल्याचं चलन. फोटोत ती गेलेली दिसत होती, त्यामुळे 'गुन्हा कुठे दिसतो' हे ब्रह्मास्त्र या वेळी भात्यात राहिलं. न्यायाधीश बाई तरुण होत्या. त्यांनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे?"

"मॅडम, अर्धा कबूल आहे."

लिहिता लिहिता बाई थांबल्या. "अर्धा म्हणजे?"

"पुढचं चाक पट्ट्यावर होतं. मागचं नव्हतं. स्कूटरला चाकं दोन."

"आणि तुम्ही कुठल्या चाकावर होतात?"

बापूंनी प्रामाणिकपणे विचार केला आणि म्हणाले, "सीटवर."

"मग पूर्ण कबूल धरते," बाई म्हणाल्या आणि दोनशे रुपये दंड केला. कायद्यात 'पाचशेपर्यंत' असं आहे, म्हणजे कमी करायला त्यांना मुभा होती. मागची रांग हसली, कोर्टाचा कारकून हसला, बापूही हसले. ही गोष्ट ते स्वतः सांगतात, आणि हरल्याची म्हणून सांगत नाहीत. "बाईंनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी परत विचारलं. उत्तराला वेळ दिला. अजून काय पाहिजे?" काकूंच्या डायरीत दूध, गॅस, पेपर यांच्याखाली 'ह्यांचं कोर्ट' असा एक रकाना आहे. त्या दिवशी तिथं रिक्षा, झेरॉक्स, चहा, दंड असं सगळं धरून जो आकडा आहे तो पाचशेच्या बराच वर जातो. बापूंना तो दाखवला तर ते फक्त बेरीज तपासून देतात.

लोकअदालत मात्र त्यांना फारशी पटत नाही. राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून साधारण चारदा, बहुधा शनिवारी भरते. त्याआधी थकलेल्या चलनवाल्यांना मेसेज जातात. हजारो लोक येतात, पॅनलसमोर बसतात, तडजोड होते, पैसे भरून घरी जातात. अनेकांची वर्षानुवर्षांची थकबाकी एका सकाळी निकाली निघते. व्यवस्था चांगलीच आहे. पण बापूंचं दुखणं निराळं. "तडजोड करायला मी काय भाऊबंदकीचा दावा घेऊन आलोय? एकतर मी चुकलो, नाहीतर तुम्ही." शिवाय तिथल्या निवाड्यावर अपील नाही, असं १९८७ चा कायदा सांगतो. अपील नाही म्हटलं की बापूंना घराची एक खिडकी बंद झाल्यासारखं होतं. तरी ते दर लोकअदालतीला जातात. स्वतःचं चलन नसलं तर दुसऱ्याचं घेऊन. रांगेत लोकांना कागद लावून देतात, 'पन्नास टक्के माफ' असा फॉरवर्ड आलेला मेसेज दाखवणाऱ्याला "कुठल्या आदेशानं? क्रमांक सांगा" म्हणून गप्प करतात, आणि पॅनलवरच्या वकिलांना अधूनमधून मदत करतात. ती मागितलेली नसते.

आभासी न्यायालयाची बातमी त्यांनी पेपरात वाचली तो दिवस आठवतो. २०२० च्या ऑक्टोबरअखेरीस काटोलला वाहतूक दंडाच्या खटल्यांसाठी असं न्यायालय सुरू झालं. न्यायाधीश पडद्यावर प्रकरण बघणार, दंडाचा मेसेज येणार, कबूल असेल तर घरबसल्या भरायचा, नसेल तर लढायचं असं कळवायचं आणि मग प्रकरण नेहमीच्या कोर्टात जाणार. बापू अस्वस्थ. "काटोलला? संत्र्यांच्या गावात? आणि आरोपीनं उभं कुठं राहायचं?" मी म्हटलं, उभं राहायची गरजच नाही. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी विषय बदलला. त्यांना खरी माया आहे ती जुन्या कलम २०८ ची. समन्स आलं, गुन्हा मान्य असला, तर मनीऑर्डरनं दंड पाठवायचा आणि मनीऑर्डरच्या कुपनावरच गुन्हा कबूल असल्याचं लिहायचं, अशी तरतूद त्यात आहे. कुपनाच्या तेवढ्याशा जागेत कबुली. "त्यात एक सभ्यता होती," बापू म्हणतात. "खुशालीच्या जागी गुन्हा."

मुलगा न्यू जर्सीत, एडिसनजवळ असतो. काकूंना सून आणि नातू बघायचे होते. बापू गेले ते वेगळ्याच कारणानं: मुलाला वेगमर्यादेचं तिकीट मिळालं होतं. तिथं ही प्रकरणं गावच्या म्युनिसिपल कोर्टात चालतात आणि नोकरदारांच्या सोयीसाठी ही कोर्टं बऱ्याच ठिकाणी संध्याकाळीही बसतात. नायगारा बघून बापू गप्प होते. त्या कोर्टात मात्र ते मागच्या बाकावर वही घेऊन बसले. पोलीस अधिकारी स्वतः हजर, हे बघून त्यांचे डोळे भरून यायचे बाकी होते. मग सरकारी वकिलांनी मुलाला बाजूला घेतलं आणि सुचवलं, वेगाचा गुन्हा सोडा, त्याऐवजी 'असुरक्षित वाहन चालवणं' कबूल करा. पैसे जास्त पडतील, पण लायसनवर पॉइंट चढणार नाहीत आणि विम्याचा हप्ता वाढणार नाही. तिथं हे राजरोस, कायद्यात बसणारं आणि रोजचं आहे. मुलानं क्षणात होकार दिला. बापूंना रात्रभर झोप नाही. "सरकारी वकील घासाघीस करतो? केलेला गुन्हा सोडून न केलेला कबूल करायचा? आणि वर जास्त पैसे द्यायचे?" मुलगा म्हणाला, बाबा, इथं असंच असतं. बापू म्हणाले, हे रेकॉर्डवर येऊ द्या.

आमच्या चौकातल्या मामांचं आणि बापूंचं नातं हा स्वतंत्र विषय आहे. सुरुवातीला ते बापूंची स्कूटर लांबून दिसली की पलीकडच्या सिग्नलला तोंड करून उभे राहायचे. कारण बापू थांबून विचारायचे, सिग्नलचा पिवळा दिवा आज किती सेकंद लागतोय. पण मे महिन्यात भर दुपारी बापूंनी त्यांना ताक नेऊन दिलं, फिरकीच्या बाटलीतून, जिरेपूड घालून, आणि "हे लाच म्हणून नाही, काकूंनी केलंय" असं आधी स्पष्ट करून. मग बोलणं सुरू झालं. बारा-बारा तास धुरात उभं राहणं, कारवाया किती झाल्या याची वरून होणारी विचारणा, आणि ज्याला पकडावं त्यानं पहिल्या मिनिटात कोणालातरी फोन लावून देणं. "काका, तुम्ही एकटेच आहात ज्यांनी कधी फोन लावून दिला नाही," मामा म्हणाले. बापूंना आजवर मिळालेलं हे सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्र असावं. लॅमिनेट करता येण्यासारखं नव्हतं, एवढीच हळहळ.

परवा तेच मामा, गणवेश उतरवून, साध्या शर्टात, सकाळच्या ओपीडीला बाकावर येऊन बसले. संकोचत त्यांनी मोबाइल पुढे केला. गावी गेले असताना दुसऱ्या शहरात त्यांच्या गाडीवर नो पार्किंगचं चलन पडलं होतं. "फलक नव्हता हो तिथं," मामा म्हणाले. "मला कळतं ना फलक कुठं असतो ते." बापूंनी चष्मा पुसला. फोटो मोठा केला, भिंत बघितली, खांब बघितला, झाडाआडचा कोपरा बघितला. मग अत्यंत मृदू आवाजात म्हणाले, "आहे. हा इथं. फांदीमागे. अर्धा दिसतोय." दोघेही बराच वेळ त्या अर्ध्या फलकाकडे बघत बसले. आणि मग मामांनीच विचारलं, "बापू, अर्धा फलक म्हणजे अर्धा गुन्हा नाही का होत?"

तेव्हापासून फाइलमध्ये नवा कप्पा उघडला गेला आहे, फांदी कोणाच्या हद्दीत येते यावर पत्रव्यवहार सुरू आहे, आणि बापू पुढच्या लोकअदालतीला मामांसोबत जाणार आहेत. तुमच्याही गाडीवर काही थकलेलं असेल तर जरूर या. चलनाची प्रिंट आणि आरसीची झेरॉक्स आणा, सकाळी लवकर पोचा. फक्त रांगेत हेल्मेट काखेत धरलेले एक काका आणि त्यांच्या शेजारी जरा अवघडलेला एक धिप्पाड गृहस्थ दिसला, तर काहीही करून त्यांच्या पुढचा नंबर मिळवा. त्यांच्या मागे सापडलात, तर घरून डबा आणलेला बरा.